सर्वश्रेष्ठ बँड कोण, सर्वश्रेष्ठ गायिका कोण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही दशकांतले सर्वश्रेष्ठ बँड आणि गायक कोण, हा वाद मी गेली वीसेक वर्षं घालते आहे. सुरुवात घरातच झाली, दादाशी. नंतर मित्रमैत्रिणी आले, मग ऑफिसातले लोक, आणि आता तर ओळख व्हायच्या आधीच वाद सुरू होतो. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. मतं माझी आहेत, त्यांच्यावर खुशाल तुटून पडा.

"गेल्या काही दशकांतले" म्हणजे नक्की कधीपासूनचे?

मी १९९१ पासून मोजते. त्याला कारण आहे.

अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या विक्रीच्या याद्या तोवर दुकानदारांना विचारून बनत. या आठवड्यात काय खपलं? दुकानदार सांगेल ते खरं. त्याच्या आवडीचं जे असेल, किंवा ज्याचा माल त्याच्याकडे पडून असेल, ते तो दोन पायऱ्या वर सांगणार हे ओघानंच आलं. मे १९९१ पासून अल्बमांची यादी बारकोडवरून, म्हणजे काउंटरवर प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून बनू लागली. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. हा रॅप गट पहिल्या क्रमांकावर होता. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाचा अल्बम आला तो थेट पहिल्याच जागेवर उतरला. ही गाणी लोक आधीही घेतच होते, फक्त कुणी नीट मोजत नव्हतं.

त्याच सप्टेंबरमध्ये निर्वाणा या रॉक बँडचा 'नेव्हरमाइंड' आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या जागेवरून खाली ओढलं. एक पर्व संपून दुसरं सुरू झाल्याची इतकी स्वच्छ खूण सहसा मिळत नाही.

मग मडोना, प्रिन्स, यू२ यांचं काय? ते तर दोन्हीकडे आहेत.

त्यांचं १९९१ नंतरचंच काम धरायचं. म्हणजे यू२चा 'अक्टंग बेबी' (नोव्हेंबर १९९१) आत, 'द जॉशुआ ट्री' (१९८७) बाहेर. यू२चे चाहते इथे चिडतात. चिडोत.

विक्रीचे आकडे समोर असताना वाद हवाच कशाला?

घोडं नेमकं इथेच पेंड खातं. आकडे खरे असतात, पण ते कशाचे आकडे आहेत हे कुणी बघत नाही.

अमेरिकेतला हिशेब बघू. १० लाख प्रती म्हणजे प्लॅटिनम, १ कोटी म्हणजे डायमंड. पण अल्बम दोन तबकड्यांचा आणि १०० मिनिटांहून मोठा असेल तर प्रत्येक तबकडी वेगळी मोजतात. आउटकास्ट या हिपहॉप जोडीचा २००३ चा 'स्पीकरबॉक्स / द लव्ह बिलो' असाच जोडअल्बम. ५० लाख लोकांनी दुकानात जाऊन एकदाच पैसे दिले, एकच डबी घरी नेली, आणि कागदावर झाले १ कोटी. अल्बम सुंदर आहे, माझ्या फार आवडीचा आहे. पण डायमंड मिळाला म्हणून तो श्रेष्ठ असं कुणी म्हणालं की मी डबी मोजायची की तबकडी, एवढंच विचारते.

स्ट्रीमिंग आल्यावर तर नाणंच बदललं. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डनं अल्बमांच्या यादीत स्ट्रीमिंग धरायला सुरुवात केली, तेव्हा १,५०० वेळा वाजवणं म्हणजे एक अल्बम असा दर ठरला. आता १९९९ चा श्रोता आठवा. त्याला एक गाणं हवं असायचं आणि उरलेल्या अकरा गाण्यांसकट अख्खी सीडी घ्यावी लागायची. ती कंपनीच्या खात्यावर एक पूर्ण विक्री. ती सीडी त्यानं दोनदा ऐकून कपाटात टाकली तरी विक्री पूर्णच. उलट आजचा श्रोता एकच गाणं दोन महिने दळत बसतो. त्या काळातले आकडे फुगलेले होते आणि आजचेही आहेत, फक्त फुगवटा वेगवेगळ्या जागी आहे.

म्हणून अडेल या ब्रिटिश गायिकेचं मला अजूनही नवल वाटतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये, सगळं जग स्ट्रीमिंगकडे वळत असताना, तिनं '२५' हा अल्बम सुरुवातीला स्ट्रीमिंगला दिलाच नाही. एकट्या अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ३३ लाखांहून जास्त प्रती खपल्या. आधीचा विक्रम एनसिंक या पोरांच्या बँडचा, २००० सालचा, म्हणजे सीडीच्या ऐन भराच्या दिवसांतला: २४ लाख. ज्या काळात लोकांना विकत घ्यायची सवयच उरली नव्हती तेव्हा ती विक्री झाली, त्यामुळे हा आकडा मी मानते.

याउलट, एप्रिल १९६४ मध्ये बीटल्सनी हॉट १०० च्या, म्हणजे बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीच्या, पहिल्या पाचही जागा घेतल्या होत्या आणि टेलर स्विफ्टनं ऑक्टोबर २०२२ मध्ये दहाच्या दहा घेतल्या, म्हणून ती दुप्पट मोठी, असं मला एकानं गंभीरपणे ऐकवलंय. बीटल्सचं एकेक गाणं लोकांनी वेगळे पैसे मोजून घेतलं होतं. स्विफ्टचा अल्बम आल्यावर लोकांनी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला आणि त्यातलं प्रत्येक गाणं यादीत चढलं. विक्रम दोन्ही खरे, पण एका तराजूत घालू नका.

ग्रॅमी किती मिळाले त्यावरून ठरवता येईल का?

१९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच ग्रॅमी ठेवला. मेटॅलिका समोर असताना तो जेथ्रो टल या बासरीवाल्या बँडला दिला. पुढच्याच वर्षी सर्वोत्कृष्ट नवे कलाकार म्हणून मिली व्हनिली या जोडीला गौरवलं, आणि अल्बमवर आवाज त्यांचा नव्हताच हे उघड झाल्यावर पुरस्कार काढून घ्यावा लागला.

बियॉन्सेचं उदाहरण जास्त बोलकं आहे. ३५ ग्रॅमी, इतके कुणाकडेच नाहीत. पण वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम हा मुख्य पुरस्कार तिला २०२५ पर्यंत मिळालाच नव्हता. म्हणजे विभागवार बक्षिसं द्यायची आणि मधली खुर्ची मात्र राखून ठेवायची, असं वर्षानुवर्षं चाललं. यावरून परीक्षकांबद्दल बरंच कळतं, तिच्याबद्दल फारसं नाही.

एकाच पुरस्कारानं मी थबकले होते. २०१८ चं संगीताचं पुलित्झर रॅपर केंड्रिक लमारच्या 'डॅम' अल्बमला मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून ते पहिल्यांदाच बाहेर गेलं होतं.

ब्लर की ओएसिस?

दादा आणि मी या प्रश्नावर महिनाभर बोललो नव्हतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

१४ ऑगस्ट १९९५. ब्रिटनमधल्या या दोन बँडची दोन सिंगल्स, म्हणजे सुटी विकली जाणारी गाणी, एकाच दिवशी आली: ब्लरचं 'कंट्री हाउस' आणि ओएसिसचं 'रोल विथ इट'. हा योगायोग नव्हता, ब्लरच्या बाजूनं तारीख सरकवून ओएसिसच्या तारखेवर आणली होती. वर्तमानपत्रांनी त्याला लढाईचं रूप दिलं. दक्षिण विरुद्ध उत्तर, कॉलेजातली पोरं विरुद्ध कामगारांची पोरं. टीव्हीच्या बातम्यांत गाण्यांच्या विक्रीची चर्चा होऊ लागली. आठवड्याअखेर ब्लरच्या २ लाख ७४ हजार प्रती गेल्या, ओएसिसच्या २ लाख १६ हजार. ब्लर जिंकले.

पण ब्लरनं आपलं सिंगल दोन वेगवेगळ्या सीडींवर काढलं होतं, दोन्हींवर जास्तीची गाणी वेगळी. कट्टर चाहता दोन्ही घेणारच. दादाचा सगळा युक्तिवाद त्या दुसऱ्या सीडीवर उभा होता.

ऑक्टोबरमध्ये ओएसिसचा अल्बम आला आणि त्यानं ब्लरला विक्रीत पार मागे टाकलं. पुढच्या ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या मैदानात दोन रात्रींत अडीच लाख लोक ओएसिसला ऐकायला जमले. मग सगळं उलटं झालं. ओएसिस तोच अल्बम पुन्हा पुन्हा काढत राहिले आणि २००९ मध्ये भांडून फुटले. ब्लरच्या डेमन अल्बार्ननं १९९७ मध्ये बँडचा आवाजच बदलला, मग गोरिलाझ नावाचा कार्टून बँड काढून हिपहॉपवाल्यांपासून आफ्रिकी वादकांपर्यंत सगळ्यांना त्यात ओढलं. माझा निकाल: दोन वर्षं ओएसिसची, पुढची तीस अल्बार्नची. २०२५ मध्ये ओएसिसमधले दोघे भांडलेले भाऊ पुन्हा एकत्र आले आणि मैदानं तुडुंब भरली, तेव्हा दादाचा फोन आला. काही बोलला नाही, नुसता हसत होता.

तीनच अल्बम काढलेला निर्वाणा यादीत कसा?

तीन पुरतात. लॉरिन हिल या गायिकेचा तर स्टुडिओत केलेला एकटीचा अल्बम एकच आहे, १९९८ चा. २०२४ मध्ये ॲपल म्युझिकनं शंभर सर्वोत्तम अल्बमांची यादी काढली, तेव्हा तो पहिला होता आणि मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' दुसरा. अर्थात थोडकं काम करणाऱ्याला एक फायदा मिळतोच: त्याचा वाईट अल्बम यायचा राहून जातो. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन २७ व्या वर्षी गेला. तो पन्नाशीत कसलं संगीत करत असता हे आपण आपल्या सोयीनं कल्पून घेतो, आणि ते नेहमी चांगलंच असतं. म्हणून निर्वाणाला मी वरच्या दहांत ठेवते, पहिल्या तिनांत नाही.

स्वतः गाणी न लिहिणाऱ्यांना गुण कमी द्यायचे का?

नाही, आणि या मुद्द्यावर मी ऐकून घेत नाही.

'नथिंग कम्पेअर्स टू यू' हे गाणं प्रिन्सनं लिहिलं. १९८५ मध्ये द फॅमिली या त्याच्याच हाताखालच्या बँडनं ते अल्बमवर घेतलं आणि कुणाचं लक्षही गेलं नाही. १९९० मध्ये शिनेड ओकॉनरनं तेच गाणं म्हटलं. (माझ्या सीमारेषेला एक वर्ष कमी पडतंय, पण उदाहरण सोडवत नाही.) दोन्ही पाठोपाठ ऐका. शब्द तेच, चाल तीच. पहिल्यात गाणं म्हटलंय. दुसऱ्यात शिनेड आधी आवाज अगदी कोरडा ठेवते, जणू रडून झालंय आणि आता फक्त दिवस मोजायचे आहेत, आणि मग एका ओळीवर तो आवाज मधोमध तडकतो. ती तडक कुणी लिहून दिली नव्हती.

दुसरी बाजूही सांगते. स्वीडनचा मॅक्स मार्टिन हा गीतकार-निर्माता पडद्यामागे बसून ब्रिटनी स्पिअर्स, बॅकस्ट्रीट बॉईज, केटी पेरी, टेलर स्विफ्ट आणि द वीकेंड अशा पिढ्यान् पिढ्यांना हिट गाणी पुरवत आला. ब्रिटनीचं १९९८ चं पहिलंच गाणं आधी टीएलसी या मुलींच्या गटाला देऊ केलं होतं, त्यांनी नको म्हटलं. तेव्हा सोळा वर्षांची ब्रिटनी त्या गाण्यात पहिल्याच शब्दाला जी घोगरी ओढ देते, ती टीएलसीनं दिली असती का? मला नाही वाटत. पण 'सर्वश्रेष्ठ'च्या यादीत मॅक्स मार्टिनचं नाव कुणीच का घेत नाही, हा प्रश्न मला खरंच छळतो.

लाइव्ह कार्यक्रमाला किती वजन?

भरपूर. ४ फेब्रुवारी २००७, मायामी, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा मध्यंतर. धो धो पाऊस. प्रिन्स मैदानाच्या मधोमध, त्याच्या चिन्हाच्या आकाराच्या गुळगुळीत मंचावर, हातात विजेवर चालणारी गिटार, बाजूला उंच टाचांत नाचणाऱ्या दोघी. कुणीही पाय जपून टाकला असता. शेवटी 'पर्पल रेन' सुरू होतं, एक मोठा कपडा वाऱ्यानं फुगून वर येतो, मागून प्रकाश पडतो आणि त्यावर गिटार वाजवणाऱ्या प्रिन्सची अवाढव्य सावली उमटते. पाऊस पडतोच आहे. बारा मिनिटांचा सगळा खेळ. ज्याला प्रिन्स कळत नाही त्याला मी अल्बम देत नाही, हे दाखवते.

आणि टेलर स्विफ्ट?

सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी चार वेळा, इतर कुणालाच नाही. मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ मध्ये १४९ कार्यक्रमांचा दौरा, २ अब्ज डॉलरहून जास्त तिकीटविक्री. जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क दुसऱ्याच्या हाती गेले तर तेच अल्बम तिनं २०२१ पासून पुन्हा गाऊन काढायला घेतले, ही चाल तर मला तिच्या बहुतेक गाण्यांहून जास्त आवडली. गीतकार म्हणून ती पक्की आहे. पण तिच्यामुळे दुसऱ्यांच्या संगीताचा आवाज बदलला का? अजून तरी मला तसं ऐकू येत नाही. दहा वर्षांनी विचारा.

प्रभाव मोजायचा तरी कसा?

त्या कलाकाराला वजा करून बघा. २००८ मध्ये कान्ये वेस्टनं '८०८ज अँड हार्टब्रेक' काढला तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली: रॅपर ऑटोट्यून (आवाज सुरात आणणारं तंत्र) लावून रडगाणं गातोय! तो अल्बम काढून टाकला तर ड्रेकपासून पुढचे निम्मे उदास रॅपर कुठून आले ते सांगता येत नाही. विक्रीचा आणि प्रभावाचा संबंध असतोच असं नाही. १९६७ मध्ये द व्हेल्वेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम बिलबोर्डच्या यादीत १७१ च्या वर कधी गेला नाही, आणि पुढच्या पन्नास वर्षांतले गिटारवाले त्याच्याच नावानं शपथा घेत राहिले.

कलाकाराच्या वागण्याचे गुण कापायचे का?

यादीत कापू नका, पण ऐकायलाच नको वाटलं तर ऐकू नका. आर. केली या अमेरिकी गायकाला न्यायालयानं २०२१ मध्ये लैंगिक शोषणाच्या खटल्यात दोषी ठरवलं, तेव्हापासून त्याचं एकही गाणं मी लावलेलं नाही. त्याच्या आवाजाचा दर्जा त्यामुळे घसरला असंही म्हणणार नाही.

मोठमोठ्या मासिकांच्या याद्या आहेत की. त्या प्रमाण का मानायच्या नाहीत?

कारण मतदार बदलले की यादी बदलते. रोलिंग स्टोनच्या २००३ च्या यादीत बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स' पहिला होता. २०२० मध्ये नव्या लोकांकडून मतं घेतली तर तो २४ वा, आणि मार्विन गेचा १९७१ चा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला. अल्बम दोन्ही होते तिथेच होते.

याच मासिकानं २०२३ च्या सुरुवातीला २०० श्रेष्ठ गायकांची यादी काढली. त्यात सेलीन डिऑनच नव्हती. तिचे चाहते न्यूयॉर्कला त्यांच्या कार्यालयाबाहेर निषेधाला जाऊन उभे राहिले. लता मंगेशकर ८४ व्या क्रमांकावर होत्या. मी तो आकडा वाचला आणि आधी आनंद झाला की आहेत, मग राग आला की ८४? मग वाटलं, ज्यांनी मतं दिली त्यांनी किती गाणी ऐकली असतील, दोन? चार? ज्या भाषेत तुम्ही जगत नाही तिच्यातल्या गाण्याला तुम्ही क्रमांक कसा देता? हे मलाही लागू आहे. बीटीएसनं २०२० मध्ये हॉट १०० मध्ये पहिला क्रमांक मिळवला, बॅड बनीचा पूर्ण स्पॅनिश अल्बम २०२२ मध्ये अमेरिकेत वर्षभराच्या यादीत पहिला आला. मला कोरियन येत नाही, स्पॅनिशही नाही. म्हणून खालच्या माझ्या यादीत दोघंही नाहीत. हे त्या यादीचं व्यंग आहे.

आमच्या वेळचं संगीतच खरं होतं, हे तरी मान्य?

तुम्ही तेव्हा सतरा वर्षांचे होता, एवढं मान्य. बाकी केट बुशचं १९८५ चं 'रनिंग अप दॅट हिल' २०२२ मध्ये एका मालिकेत वाजलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, ते तेव्हा जन्मलेही नव्हते अशा पोरांनी नेलं.

टाळाटाळ पुरे. तुमची यादी?

बँडमध्ये रेडिओहेड. १९९७ च्या 'ओके कॉम्प्युटर'नंतर तसाच अजून एक अल्बम काढून ते आयुष्यभर खाऊ शकले असते. त्यांनी २००० मध्ये 'किड ए' काढला: गिटार जवळजवळ गायब, एकही सिंगल नाही, आणि तरी तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर उतरला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं सीडी खराब निघाली, त्यांचा गायक थॉम यॉर्कचा आवाज तुकडे तुकडे होऊन येत होता. दुकानात बदलून मागायला निघाले होते. २००७ मध्ये 'इन रेनबोज'ची किंमत त्यांनी श्रोत्यावरच सोडली.

एकट्या कलाकारांत केंड्रिक लमार आणि बियॉन्से. दोघांत डावं-उजवं करायचं मी सोडून दिलंय. त्यांच्या पाठोपाठ ब्योर्क, आउटकास्ट, डाफ्ट पंक (२८ वर्षांत चारच स्टुडिओ अल्बम, पण एकही टाकाऊ नाही), अल्बार्न आणि त्याची सगळी पिल्लं, मग निर्वाणा. एमिनेम आणि कोल्डप्ले नाहीत. पत्र लिहू नका.

बँड आणि एकटा गायक एकाच यादीत बसवता येतात का?

नाही. म्हणून तर वर पहिली जागा दोघांना वेगवेगळी दिली; त्याखाली मात्र सरमिसळ झाली.

या सगळ्यात बीटल्स कुठेच नाहीत, हे कसं?

ते १९७० मध्ये फुटले. मी १९९१ पासून मोजते. नियम म्हणजे नियम.

हे लिहून दादाला वाचायला पाठवलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं: नोव्हेंबर २०२३ मध्ये लेननच्या जुन्या कॅसेटवरून 'नाऊ अँड देन' हे बीटल्सचं गाणं पूर्ण करून काढलं, ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. २०२५ मध्ये त्याला ग्रॅमीही मिळाला, तुझ्या नियमात बसतात की.

मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.